दोन लघुपट आणि शाळेचा उंबरठा

लघुकथा म्हणजे कादंबरीचे सार नव्हे, हे आपल्या समीक्षेने फार पूर्वीच मान्य केले आहे. लघुपटाविषयी मात्र तशी स्पष्टता अद्याप आलेली दिसत नाही. मोठ्या चित्रपटाची उमेदवारी म्हणूनच त्याकडे पाहण्याची सवय आपणांस जडली आहे. ही दृष्टी किती अपुरी आहे हे नागराज मंजुळे यांचे 'पिस्तुल्या' (२००९) आणि 'पावसाचा निबंध' (२०१७) हे दोन लघुपट पाहिले म्हणजे ध्यानात येते. दोहोंस राष्ट्रीय पुरस्काराचा मान मिळाला. पहिल्यास दिग्दर्शकाची प्रथम कृती म्हणून, तर दुसऱ्यास दिग्दर्शनाबद्दल. तथापि आम्ही त्यांचा परामर्श घेतो तो पुरस्कारांमुळे नव्हे. या दोन्ही कृतींत एक मुलगा आहे आणि एक शाळा आहे. त्या मुलाला त्या शाळेत खरोखरी स्थान आहे काय, हा प्रश्न शिक्षकवर्गास टाळता येण्याजोगा नाही.

'पिस्तुल्या' हा मंजुळे यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे संज्ञापनविद्येचे विद्यार्थी असताना केलेला लघुपट. सूरज पवार या बालनटाने रंगविलेला त्यातील मुलगा शाळेच्या ओढीने झपाटलेला आहे आणि परिस्थिती त्याला चोरीकडे ढकलीत आहे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण समाजाच्या मनातला शिक्का काही पुसला गेला नाही. हा इतिहास जाणणाऱ्या मराठी प्रेक्षकास पडद्यावरच्या पोराची चोरी ही केवळ एका पोराची खोडी म्हणून पाहताच येत नाही. ज्याच्याकडून जग चोरीखेरीज कशाची अपेक्षा करीत नाही, त्याने पाटीदप्तराची इच्छा धरावी, यातच सारे नाट्य सामावले आहे.

हा विषय मराठी साहित्याला नवा नाही. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने आपण वाचली आहेत, कित्येकांनी शिकविलीही आहेत. परंतु येथेच लघुपटाचे वेगळेपण प्रकट होते. आत्मकथनाचा नायक कितीही अपमान सोसून का होईना, शेवटी अक्षरापर्यंत पोचलेला असतो. तो पोचला नसता तर ते पुस्तकच आपल्या हाती आले नसते. त्यामुळे अत्यंत दारुण प्रसंग वाचतानाही आपल्या मनाला एक अव्यक्त दिलासा असतो. लघुपटातला मुलगा असा दिलासा देत नाही. मोठेपणीच्या शहाणपणातून तो काही सांगत नाही, स्वतःची कैफियतही मांडीत नाही. आपल्यापुढे असतो तो फक्त त्याचा चेहरा. चित्र संपते तेव्हा त्याचे पुढे काय झाले हे सांगणारा कोणी उरत नाही. लांबीची मर्यादा येथे उणीव न राहता अर्थवाहक बनते.

'पावसाचा निबंध' यातील अन्याय अधिक सूक्ष्म आहे. डोंगराळ मुलखातील राजा नावाच्या मुलाला घरचा अभ्यास म्हणून पावसावर निबंध लिहावयाचा आहे. त्याच रात्री तोच पाऊस त्याच्या घरात शिरतो. छप्पर गळते, आणि दारूच्या धुंदीत बाहेर पडलेल्या बापाला घरी आणण्यासाठी आईला व मुलांना त्या धारांत उतरावे लागते. पावसाविषयी या मुलाइतके त्या रात्री कोणास ठाऊक असेल? पण निबंधाला हवा तो पाऊस त्याच्यापाशी नाही. हिरवळ, इंद्रधनुष्य, कागदाच्या होड्या ही आमच्या निबंधलेखनाची ठराविक सामग्री. तिच्यात गळक्या छपराला जागा नाही. येथे कोणी कोणास हिणवीत नाही, जातीचा उच्चारही करावा लागत नाही. केवळ विषय देण्याच्या पद्धतीतच काही मुले आत येतात व काही बाहेर राहतात. पूर्वग्रहाचे इतके शांत आणि म्हणूनच इतके भेदक चित्रण आमच्या पाहण्यात क्वचितच आले आहे.

या प्रकारास एक धोका आहे, तोही नमूद केला पाहिजे. बालकाचा निरागस चेहरा हे करुणेचे फार सोपे साधन आहे, आणि करुणा प्रेक्षकाला निर्दोष ठरवून घरी पाठविते. 'पिस्तुल्या' या धोक्यापासून सर्वस्वी मुक्त नाही. त्याची मोहिनी पुष्कळशी त्या बालनटाच्या डोळ्यांत आहे. मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या पूर्ण लांबीच्या चित्रपटात मात्र जब्या अखेरीस दगड भिरकावतो, आणि तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तेथे हळहळण्याची सोय नाही. 'पावसाचा निबंध' दगड न उचलताही जवळपास तेच साधतो, कारण त्यात अपराध कोणा दुष्टाचा नसून तुमच्याआमच्या नित्याच्या वर्गपद्धतीचा आहे.

बेळगाव असो, इंदूर असो वा हैदराबाद असो, मराठी शाळेत पावसावरचा निबंध आजही सांगितला जातो, आणि तो पुढेही सांगावा. मात्र विषय फळ्यावर लिहिताना शिक्षकाने एवढे अवश्य म्हणावे: तुमच्या घरावर पडतो तो पाऊस लिहा. मग ज्या वह्या येतील त्यांत अलंकार कमी असतील, शुद्धलेखनही कदाचित डळमळीत असेल. पण त्यांतील एखादी वही अशा मुलाची असेल, जो इतके दिवस वर्गात बसूनही वर्गाचा झालेला नव्हता.