बदललेल्या ओळींची संख्या : एका आकड्याचे दोन अर्थ

डेटाबेसला ‘अपडेट’ची आज्ञा दिली असता तिच्यामुळे किती ओळी बदलल्या, याचा आकडा तो परत देतो. हा आकडा इतका निरुपद्रवी भासतो की, त्याच्या अर्थाची चिकित्सा करण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः ‘ओळ बदलली’ म्हणजे नेमके काय झाले, याविषयी प्रमुख प्रणालींत एकवाक्यता नाही.

पाच विद्यार्थ्यांच्या नोंदींत गावाच्या रकान्यात ‘पुणे’ लिहावे अशी आज्ञा दिली आणि त्यांपैकी तिघांच्या नोंदीत ‘पुणे’ आधीपासूनच असले, असे समजू. पोस्टग्रेएसक्यूएल ५ हे उत्तर देते. मायएसक्यूएल आपल्या मूळ योजनेनुसार २ सांगते. पहिली प्रणाली अटीत बसलेल्या ओळी मोजते, तर दुसरी ज्यांतील मूल्य खरोखर पालटले तेवढ्याच.

यांपैकी ग्राह्य कोणते? एसक्यूएलच्या १९९२ च्या प्रमाणग्रंथाचा कौल अटीत बसणाऱ्या ओळींकडे आहे. शिवाय मूल्य तेच राहिले तरी पोस्टग्रेएसक्यूएल ओळीची नवी आवृत्ती लिहिते. तेव्हा तिचे ५ हे उत्तर निराधार नव्हे. उलटपक्षी, जे पालटले नाही त्यास ‘बदललेले’ म्हणू नये, हा मायएसक्यूएलचा आग्रहही व्यवहारबुद्धीस धरून आहे. दोष दोन अर्थ असण्यात नाही. दोहोंसाठी एकच नाव वापरण्यात आहे.

हा घोटाळा येथेच थांबत नाही. मायएसक्यूएलला जोडणी करतानाच अटीत बसलेल्या ओळी मोजण्यास सांगता येते. जावासाठीचा तिचा अधिकृत जोडक हा पर्याय आपण होऊन निवडतो. पीएचपीचा प्रचलित जोडक निवडत नाही. परिणामी तीच आज्ञा, तोच तक्ता, परंतु एकीकडून ५ आणि दुसरीकडून २! ‘असल्यास सुधारा, नसल्यास घाला’ या प्रकारच्या आज्ञेत तर, वरील पर्याय निवडलेला नसता, नवी ओळ घातल्यास १, जुनी सुधारल्यास २ आणि काहीच न पालटल्यास ० मिळतो. येथे आकडा मोजणीचा राहिलाच नाही. तो केवळ संकेत झाला. मोजणीच्या जागी संकेत ठेवणे ही रचना समर्थनीय म्हणता येत नाही.

खरी हानी शून्याच्या अर्थाने होते. शून्य म्हणजे ‘नोंदच नाही’ असे गृहीत धरून जो कार्यक्रम नवी नोंद घालतो, तो मूल्य न पालटलेल्या नोंदीचीही दुसरी प्रत निर्माण करतो. याउलट, प्रत्येक लेखनासरशी वाढणारा आवृत्तिक्रमांक ओळीत ठेवला आणि जुना क्रमांक अटीत घातला, तर दोन्ही गणना एकच उत्तर देतात; कारण अटीत बसलेली प्रत्येक ओळ अवश्य पालटते. अशा वेळी शून्याचा अर्थ एवढाच उरतो की, वाचलेली आवृत्ती आता शिल्लक नाही. दुसऱ्या कोणी ती ओळ आधीच सुधारली वा काढून टाकली आहे.

सारांश, या आकड्यावर निर्णय सोपविण्यापूर्वी तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे ठरविले पाहिजे. ओळ अस्तित्वात आहे की नाही, हे जाणावयाचे असल्यास तो प्रश्न स्वतंत्रपणे विचारणेच श्रेयस्कर होय.