चित्रातला बेडूक कोणता?

तेल्हाऱ्याच्या काळ्या मातीत पावसाची डबकी साचली, की बेडकांचा गलका सुरू होतो. पाठ्यपुस्तकातले चित्र या बेडकांना बरोबर लागू पडते: नराची मादीला मिठी, पाण्यात अंडी, मग बेडूकमासे. आमचा आक्षेप शीर्षकावर आहे. ‘बेडकाचे जीवनचक्र’ म्हणजे कोणत्या बेडकाचे?

सह्याद्रीतल्या ओढ्यांकाठी हुमायूनचा रात्रबेडूक राहतो. (पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींचे नाव त्याला १९५५ साली मिळाले.) वाहत्या पाण्यात अंडी वाहून जाण्याचा धोका, याची मादी ती ओढ्यावर झुकलेल्या पानावर घालते. बेडूकमासे पुढे तिथून खाली पाण्यात पडतात. मिठीही नाहीच! २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की नर मादीच्या पाठीवर नुसता बसतो, हातांनी पान धरतो, पाठीवर शुक्रद्रव सोडतो आणि उतरतो. अंडी त्यानंतर येतात.

हा बेडूक वऱ्हाडात नाही. मुलांना प्रत्यक्ष दाखवता येणार नाही. पण उत्तरपत्रिकेत कुणी ‘काही बेडूक पानावर अंडी घालतात’ असे लिहिले, तर पुस्तकाकडे बोट दाखवून आपण त्याचे गुण कापणार? चित्राखाली त्या बेडकाचे नाव छापायला एक ओळ पुरली असती.