'आधी' आणि 'नंतर'च्या पुढची फ्रेम

चुलत बहिणीने म्हशाहून एक रील पाठवली. खाली एकच प्रश्न : "दादा, हे एवढं सोपं असतं का?"

रील एका क्लिनिकची. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर', मागे गाणं. सिलिकॉनचं ब्रेस्ट इम्प्लांट. कथा सांगण्याचा हा प्रकार मोठा चलाख आहे, कारण गोष्ट जिथे सुरू व्हायला हवी तिथेच तो थांबतो. आमच्या आयटीत नुसता डेमो बघून कुणी सॉफ्टवेअर घेत नाही. इथे मात्र डेमोच सगळं.

पुढच्या फ्रेममध्ये काय असतं? इम्प्लांटभोवती शरीर स्वतःच एक वेष्टन तयार करतं. ते आवळलं तर स्तन कडक होतो, दुखतो. इम्प्लांटचं आवरण फाटलं तरी अनेकदा बाहेरून कळत नाही, एमआरआय करावा लागतो. शिवाय ते आयुष्यभर टिकेल असं नाही. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक सिलिकॉन वापरल्याचं २०१० मध्ये उघड झालं. २०१९ मध्ये एका दुर्मिळ लिम्फोमामुळे अ‍ॅलर्गनने खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट्स जगभरातून परत मागवली.

पण परत मागवायला पेशंट सापडायला हवा ना! जॉन्सन अँड जॉन्सनचा सदोष एएसआर खुबा भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवला गेला, आणि त्यातल्या ३,६०० हून अधिक जणांचा पुढे पत्ताच लागला नाही.

म्हसा यात्रेत बैलाचे दात बघितल्याशिवाय कुणी पैसे काढत नाही. या रीलमध्ये इम्प्लांटच्या कंपनीचं नावसुद्धा नाही. बहिणीला लिहिलं : आधी कंपनी, मॉडेल आणि सिरीयल नंबर लेखी देणार का, ते विचार. तिने विचारलंय. मेसेजवर निळी टिक आली आहे, उत्तर नाही.