उत्तरदायित्वाचें वाङ्मय

वाङ्मयाचे प्रकार सांगतांना आमचे टीकाकार काव्य, नाटक, कादंबरी व निबंध यांपलीकडे सहसा जात नाहींत. कंपन्यांच्या वार्षिक अहवालांस कोणी वाङ्मय म्हटलें तर ती थट्टाच समजली जाईल. परंतु गेल्या कांहीं वर्षांत या अहवालांस एक नवें प्रकरण जोडलें जाऊं लागलें आहे, आणि त्यांतील गद्य इतक्या लोकांच्या भवितव्याशीं निगडित झालें आहे कीं, टीकाकारानें त्याकडे पाठ फिरविणें योग्य नव्हे. सेबीनें २०२१ सालीं एक नमुना ठरवून दिला व २०२२-२३ पासून शेअरबाजारांतील पहिल्या एक हजार कंपन्यांस त्याप्रमाणें 'व्यावसायिक उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल' प्रसिद्ध करणें सक्तीचें केलें. पृथ्वीचें हवामान तापत चाललें असतां कंपनी त्याबाबत काय करते, तें कोण ठरवितो, त्यावर देखरेख कोणाची, हें सारें त्यांत यावें अशी अपेक्षा आहे.

हें गद्य एकदां लक्षपूर्वक वाचून पाहावें. त्याचा पहिला विशेष असा कीं, त्यांत कर्ता सांपडत नाहीं. धोरण आखण्यांत आलेलें असतें, समिति नेमण्यांत आलेली असते, जोखमींचा आढावा घेण्यांत येत असतो. पण आखणारा, नेमणारा व आढावा घेणारा मनुष्य पडद्याआडच राहतो. कर्मणि प्रयोग हा कांहीं भाषेचा दोष नव्हे. परंतु पानेंच्या पानें त्यांतच लिहिलीं गेलीं म्हणजे वाचकानें सावध व्हावें. सेबीच्या नमुन्यांत एक प्रश्न मात्र मोठा नेमका आहे: अशा बाबतींत निर्णय घेण्यास संचालक मंडळाची एखादी समिति किंवा एखादा संचालक जबाबदार आहे काय? उत्तर 'होय' असें द्यावयाचें व तपशील लिहावयाचा. हा तपशील बहुधा समितीच्या नांवाशीं व सभासदांच्या यादीशीं येऊन थांबतो. त्या समितीनें वर्षभरांत कोणता बेत नामंजूर केला, कोणत्या भट्टीचें आयुष्य कमी केलें, उद्दिष्ट चुकलें तर कोणाच्या खिशाला चाट बसली, हें शोधूं गेल्यास फारसें कांहीं हातीं लागत नाहीं.

डहाणू तालुक्यांत वरोर, चिंचणी या बाजूच्या गांवांत दागिन्यांचे साचे कोरणारे कारागीर आहेत. एक साचा नीट उतरला कीं त्यावरून शेंकडों दागिने हुबेहूब निघतात. या अहवालांचेंही तसेंच झालें आहे. सिमेंटवाल्याचा कोणता आणि बँकवाल्याचा कोणता, हें नांव झांकलें तर ओळखूं येऊं नये.

याच तालुक्यानें या विषयाचा एक दुसरा पाठ पाहिला आहे, आणि तो आमच्या मतें अधिक मोलाचा आहे. १९९१ सालीं केंद्र सरकारनें डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. मुंबईच्या उपनगरांस वीज पुरविणारें, दगडी कोळशावर चालणारें ५०० मेगावॅटचें केंद्र तेथें तत्पूर्वींच मंजूर झालेलें होतें. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानें तालुक्यासाठीं एक प्राधिकरण स्थापन झालें व न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. २०१९ च्या जानेवारींत त्यांचें निधन होईपर्यंत तें पद त्यांच्याकडेच होतें. धुरांतील गंधक काढून टाकणारी यंत्रणा बसवा, अशी आज्ञा या प्राधिकरणानें १९९९ सालीं विद्युत् कंपनीस केली. कंपनीनें कालहरण केलें. २००५ सालीं प्राधिकरणानें ३०० कोटि रुपयांची बँकेची हमी मागितली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलें. आणि २००७ सालीं यंत्रणा सुरू झाली.

आठ वर्षें हा काळ लहान नव्हे. तरीही त्या आज्ञेची वाक्यरचना पाहा. तींत कर्ता आहे, कर्म आहे, मुदत आहे, आणि न पाळल्यास किंमत आहे. शिवाय आज्ञा करणारा कंपनीच्या पगारपत्रकावर नाहीं. संचालकांच्या समितीस जें सहसा साधत नाहीं तें येथें साधलें, याचें कारण या चार गोष्टींत आहे असें आम्हांस वाटतें.

येथें एक भेद मात्र विसरतां कामा नये. गंधकाचा त्रास आसपासच्या बागांस व छातीस होतो. कर्बवायूचा ताप साऱ्या जगास होतो, आणि म्हणूनच त्याची फिर्याद कोणीं करावी हें ठरत नाहीं. कर्बासाठीं डहाणूस कोणतेंही प्राधिकरण लाभलें नाहीं. तें काम कंपनीच्या वचनावर सोंपविलेलें आहे.

हें वचन अगदींच पोकळ होतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. २०१८ सालीं मुंबईचा हा वीजव्यवसाय अदाणी समूहाकडे गेला. २०२१ सालीं त्या कंपनीनें परदेशांत ३० कोटि डॉलरचे रोखे विकले व २०२७ पर्यंत ६० टक्के वीज सूर्य-वाऱ्यासारख्या नवीकरणीय साधनांपासून घेण्याचें उद्दिष्ट त्या रोख्यांशीं जोडलें. शपथ कर्जाशीं बांधणें ही कल्पना उत्तम आहे. सावकाराची नजर समितीपेक्षां तीक्ष्ण असते. परंतु २०२४ सालीं डहाणूचें केंद्र कंपनीच्या व्यवसायांतून वेगळें काढण्यांत आलें. हें उघडपणें जाहीर करून झालें, त्यांत बेकायदेशीर कांहीं आहे असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र त्यामुळें कोळशाचा कर्ब ज्या हिशेबांत मोजला जात होता त्या हिशेबांतून तो उतरला, आणि धुराडें होतें तेथेंच राहिलें. वाक्याचा कर्ता बदलला, क्रियापद तेंच. ज्या अहवालाची सीमा लेखकालाच आखतां येते, त्याचे आंकडे कितीही तपासले तरी अपुरेच. २०२३ पासून मोठ्या कंपन्यांच्या कांहीं आंकड्यांची त्रयस्थाकडून तपासणी होऊं लागली आहे. ही सुधारणा चांगली, पण तपासनीस सीमेच्या आंत पाहतो.

बाहेरचा अधिकारही सदैव टिकतोच असें नाहीं. हेगच्या न्यायालयानें २०२१ सालीं शेल कंपनीस २०३० पर्यंत ४५ टक्के कर्ब कमी करण्याचा हुकूम दिला. २०२४ सालीं अपिलांत कर्तव्य राहिलें, टक्केवारी गेली. आपल्याकडे २०२५ सालीं बहुसंख्य कोळसा-केंद्रांस गंधकाच्या यंत्रणेच्या सक्तींतून मोकळें करण्यांत आलें.

आणि आतां वरोरच्या शेजारीं वाढवण येथें ७६,२२० कोटि रुपयांचें बंदर उभें राहावयाचें आहे. ज्या प्राधिकरणानें १९९८ सालीं येथील बंदरास नकार दिला त्यानेंच २०२३ सालीं संमति दिली. २०२४ च्या जूनमध्यें केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. बंदरासाठीं स्वतंत्र कंपनी आहे. तींत ७४ टक्के वांटा जवाहरलाल नेहरू बंदराचा व २६ टक्के महाराष्ट्र सागरी मंडळाचा. चौदाशें हेक्टरांहून अधिक भराव समुद्रांत पडेल. चढत्या समुद्राचा व वाढत्या वादळांचा विचार या कंपनींत कोण करतो, आणि तो चुकल्यास हमी कोणाची, हा प्रश्न किनाऱ्यावरील मच्छीमारानें विचारावयाचा ठरविला तर त्यानें कोणता अहवाल उघडावा? ही कंपनी शेअरबाजारांत नाहीं. सेबीचा नमुना तिला लागूच होत नाहीं.