नक्षीचा नियम आणि सिडनीची मशीद

आपले वाडवडील सिनेगॉगला 'मशीद'च म्हणत. मुंबईत 1796 साली स्थापन झालेले शार हारहमीम 'जुनी मशीद' म्हणूनच ओळखले गेले. तेव्हा सिडनीच्या पंचबोल भागातील मुसलमान बांधवांच्या मशिदीविषयी इथे लिहिले तर वाचकांना नवल वाटू नये. परमुलखात वसलेल्या समाजाने जुनी नक्षी पुढे कशी न्यावी, हा प्रश्न त्यांचा आहे तसा आपलाही आहे.

ही मशीद वास्तुशिल्पी अँजेलो कँडालेपास यांची. 2018 साली तिला न्यू साउथ वेल्सचे सल्मन पदक मिळाले. तिचे खरे वैशिष्ट्य म्हणजे तिचे मुकर्नस. चौकोनी जागेवर घुमट बसवताना कोपऱ्यांत थरावर थर चढवलेल्या लहान कोनाड्यांच्या, मधाच्या पोळ्यासारख्या नक्षीला मुकर्नस म्हणतात. जुने कारागीर ती मोजक्या, ठरलेल्या तुकड्यांतून रचीत. कोणता तुकडा कोणाशेजारी बसेल हेही ठरलेले असे. तरी प्रत्येक इमारतीत रचना नवी होई.

कँडालेपास यांनी जुना साज टाकला आणि नियम ठेवला. रंगीत फरशा नाहीत, गिलावा नाही. उघड्या काँक्रीटचे 102 कोनाडे एकावर एक पुढे सरकत चढतात. प्रत्येकातील बारीक छिद्रातून उन्हाचा ठिपका आत येतो. ईश्वराची 99 नावे तिथे हाताने रेखली आहेत. साच्यातल्या काँक्रीटला या अक्षरांनी माणसाचा स्पर्श दिला आहे.

उणीवही सांगायला हवी. एकच आकार पुन्हापुन्हा आल्याने डोळ्याला त्याचा हिशेब लवकर कळतो. मेलबर्नच्या स्टोरी हॉलवर पेनरोझचे दोनच प्रकारचे समभुज चौकोन आहेत. त्यांच्या नियमाने मांडणी कितीही वाढवली तरी ती ठरावीक अंतराने परत येत नाही. मात्र ती नक्षी गणितातून आली आहे, उपासनेतून नव्हे. पंचबोल तिथे सरस ठरते.

आणि आपण? पुष्कळदा तयार मागेन दाविद आणून भिंतीवर लावतो. सहा टोकांचा तारा दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यावरही आहे. नुसत्या आकृतीवर कोणाचीच मालकी नसते. वर्तुळ काढून त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा कराव्यात, एकाआड एक जोडाव्यात, की तारा तयार. हा नियम मुलांच्या हाती दिला, तर हेखालचा पडदा आणि कठड्याची जाळी ती आपल्या हाताने रचतील.