स्मृतीचा शोध आणि स्मृतीचे ऋण

शास्त्रज्ञाच्या आत्मचरित्रात बहुधा एकतर शास्त्र मागे पडते, नाहीतर माणूस. मज्जाशास्त्रज्ञ एरिक कांडेल यांच्या ‘इन सर्च ऑफ मेमरी’ (२००६) या ग्रंथात दोन्ही एकाच प्रश्नाने बांधलेली आहेत. म्हणून साहित्याच्या अंगाने त्याचा विचार करणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

कांडेल ७ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हिएन्नात नऊ वर्षांचे झाले. वडिलांनी त्यांना खेळण्यातली निळी मोटार दिली. दोनच दिवसांनी नाझी पोलिसांनी या यहुदी कुटुंबास घराबाहेर काढले. ते परतले तेव्हा मोटार नाहीशी झालेली होती. १९३९ साली कुटुंब अमेरिकेस गेले. दारावरची ती थाप जवळजवळ सत्तर वर्षांनीही ताजी कशी, हा ग्रंथाचा मूळ प्रश्न होय.

मनोविश्लेषक होण्याच्या इच्छेने वैद्यकाकडे वळलेले कांडेल उत्तरासाठी एका सागरी गोगलगायीपाशी येतात. तिच्या मज्जासंस्थेत पेशी सुमारे २०,०००, आणि त्यांतील काही नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात एवढ्या मोठ्या. स्पर्श होताच ती कल्ला आत ओढते. शेपटीस विजेचा धक्का बसल्यावर साध्या स्पर्शानेही अधिक दचकते. एका धक्क्याची आठवण काही मिनिटे टिकते, अंतराअंतराने दिलेल्या अनेक धक्क्यांची कित्येक दिवस. पहिल्या प्रकारात असलेल्याच चेतासंधी बलवान होतात. दुसऱ्यात जनुके कार्यप्रवृत्त होऊन नवी प्रथिने बनतात व नवे सांधे फुटतात. शिकणे हा शरीरात घडणारा बदल आहे आणि त्यास वेळेचे अंतर हवे, हे शिक्षकवर्गाने मुद्दाम ध्यानी घ्यावे. या कार्यासाठी कांडेल यांना २००० साली कार्लसन व ग्रीनगार्ड यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

निवेदन प्रांजळ आहे. आल्डेन स्पेन्सर यांच्यासह हिप्पोकॅम्पसवर केलेले आरंभीचे प्रयोग यशस्वी झाले, तरी स्मृतीविषयी त्यांतून फारसे कळले नाही, हे लेखक दडवीत नाही.

तथापि आमचा एक आक्षेप आहे. गोगलगायीचे दचकणे आणि त्या मुलाची आठवण यांत केवळ लहानमोठेपणाचा भेद नाही. मुलाच्या आठवणीत मोटारीचा निळा रंग आहे, वडिलांचे प्रेम आहे, अपमान आहे. कांडेल हे अंतर जाणतात. पण पुढील जीवशास्त्र ते भरून काढील, या त्यांच्या विश्वासास ग्रंथातील पुरावा पुरेसा नाही.

किंबहुना याचे उत्तर त्यांच्याच आचरणात आहे. नोबेलनंतर ऑस्ट्रियाने त्यांना आपले म्हणू पाहिले, तेव्हा त्यांनी त्या देशाला नाझी काळाचे स्मरण करावयास लावले. त्यासाठी २००३ साली व्हिएन्नात परिसंवाद घडवून आणला. विसरू पाहणाऱ्या शहराला स्मरण करून देणे हे चेतासंधीचे कार्य नव्हे, कर्तव्यबुद्धीचे आहे. स्मृती कशी टिकते हे हा ग्रंथ उत्तम सांगतो. ती का टिकवावी हे तो सिद्धान्ताने नव्हे, चरित्राने सांगतो. आमच्या मते त्याचे वाङ्मयीन मोल याच दुसऱ्या भागात आहे.