डॉक्टर मॅकॉयचा हातगुण

धनत्रयोदशीला वैद्य मंडळी धन्वंतरीची पूजा करतात आणि आपण घरची माणसे त्या निमित्ताने आरोग्याची आठवण ठेवतो. वैद्याविषयी आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. नुसती विद्या असून भागत नाही, हाताला गुण असावा लागतो. दोन डॉक्टर एकाच परीक्षेला बसून उत्तीर्ण झालेले, दोघांची औषधेही तीच. तरी आळीतली माणसे एकाच्याच दारात गर्दी करतात, आणि कारण विचारले तर एवढेच सांगतात, की त्याचा हातगुण चांगला आहे. शिकलेली माणसे ह्या शब्दाला हसतात आणि स्वतः आजारी पडली की मुकाट्याने त्याच दारात जाऊन बसतात. हा गुण कशाने मोजावा, हे मात्र कोणालाच सांगता आलेले नाही. मग समजा, असा एक काळ आला, की ज्यात शरीरातले सारे काही मोजले जाते. खाटेवर माणूस निजवला, की उशाकडच्या फलकावर त्याची नाडी आणि श्वास आपोआप उमटू लागतात. त्या काळात डॉक्टरचे काय काम उरेल? आणि कथा लिहिणाऱ्याने त्याला कथेत कोणती जागा द्यावी?

ह्या प्रश्नाचे मला ठाऊक असलेले सर्वांत चांगले उत्तर एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत सापडते. जीन रॉडेनबेरी यांनी निर्माण केलेली ‘स्टार ट्रेक’ ही मालिका ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि १९६९ साली संपली. तिचे ७९ भाग झाले. कथा तेविसाव्या शतकातली आहे. चारशेहून अधिक माणसांना घेऊन ‘एन्टरप्राइझ’ नावाचे यान पाच वर्षांच्या मोहिमेवर निघाले आहे. जेम्स कर्क हा त्याचा कप्तान. स्पॉक हा त्याचा उजवा हात. ह्याचे वडील व्हल्कन ग्रहावरचे, आई पृथ्वीवरची, आणि तर्काच्या रेघेबाहेर पाऊल टाकायचे नाही हा त्याचा बाणा. तिसरा आहे यानाचा प्रमुख डॉक्टर, लिओनार्ड मॅकॉय. हा लेख त्याच्याविषयी आहे.

ही तिसरी जागा भरायला निर्मात्यांना तीन खेपा लागल्या. नमुन्यादाखल केलेल्या पहिल्या भागात बॉइस नावाचा डॉक्टर होता, दुसऱ्यात पायपर. दोघेही वयस्क, शहाणे, आणि लगेच विसरले जाणारे. नियमित मालिका सुरू होताना मॅकॉय आला, आणि ती भूमिका डिफॉरेस्ट केली (१९२०–१९९९) यांना मिळाली. केली हे जॉर्जिया राज्यातल्या एका धर्मोपदेशकाचे चिरंजीव. त्याआधी त्यांनी घोडेस्वारांच्या चित्रपटांतून बहुधा दुष्टांची कामे केली होती. कदाचित त्यामुळेच असेल, मॅकॉयच्या चेहऱ्यावर गोडवा नाही. कपाळाला आठी, भुवई वर चढलेली, बोलणे तिरकस. पण रोग्याकडे वळताना तोच चेहरा जो निवळतो, तो पाहिला म्हणजे आयुष्यभर गोड भूमिका करणाऱ्या नटाला हे साधले नसते असे वाटते.

यानावरचे मित्र त्याला ‘बोन्स’ म्हणतात. पूर्वी शल्यवैद्यांना हाडे कापणारे म्हणून हिणवीत, त्या नावाचे हे लाडके रूप. आपण त्याला हाडवैद्य म्हणू. हा हाडवैद्य भावी काळात जन्मला खरा, पण त्या काळावर त्याचा पुरता विश्वास नाही. माणसाचे कण कण सुटे करून दुसरीकडे जोडणारे यंत्र यानावर आहे. त्यात पाऊल टाकायचे म्हटले की तो कुरकुरतो. एखादे भलते काम गळ्यात पडले, की आपण डॉक्टर आहोत, अमुक नव्हे, असे तो ऐकवतो. ह्या तक्रारीची पुढे इतकी थट्टा झाली, की तिच्यातला अर्थ हरवला. तो माणूस आपल्या व्यवसायाची मर्यादा सांगत असतो. सारे काही जमते असे मानणाऱ्या त्या यानावर आपल्याला एकच गोष्ट येते असे म्हणणारा माणूस तो एकटाच आहे.

त्याच्या हत्यारांची एक गमतीची हकिकत आहे. प्रक्षेपित झालेल्या पहिल्याच भागात मीठ हा कथेचा विषय होता आणि त्यासाठी चित्रविचित्र आकाराच्या मीठदाण्या विकत आणल्या होत्या. पण ह्या मीठदाण्या आहेत हे प्रेक्षकाला कळायचेच नाही, अशी शंका आली. तेव्हा साध्या मीठदाण्या वापरल्या आणि उरलेल्या डॉक्टरकडे शस्त्रक्रियेची उपकरणे म्हणून गेल्या. म्हणजे जेवणाच्या टेबलावरची वस्तू हातात घेऊन केली यांनी तेविसाव्या शतकातली शस्त्रक्रिया केली, आणि आपण ती खरी मानली. ती खरी वाटली ती हातामुळे. मालिकेच्या लेखकांना हे उमगले असावे, कारण मॅकॉयचे जे प्रसंग मनात राहतात, त्यांत यंत्र बाजूला पडते आणि फक्त त्याचा हात उरतो.

त्या पहिल्या भागात मॅकॉयला त्याची जुनी प्रेयसी नॅन्सी एका ओसाड ग्रहावर भेटते. कर्कला ती वयानुरूप प्रौढ दिसते. मॅकॉयला मात्र ती होती तशीच तरुण दिसते. प्रत्यक्षात नॅन्सी केव्हाच मेलेली आहे. तिचे रूप घेतलेला तो एक प्राणी आहे. माणसाच्या शरीरातले मीठ शोषून तो जगतो, आणि आपल्या जातीतला तो शेवटचा आहे. अखेर तो कर्कचा जीव घेऊ लागतो, आणि शस्त्र असते मॅकॉयच्या हातात. तो कचरतो, मग झाडतो. मरता मरता तो प्राणी पुन्हा नॅन्सीचा चेहरा धारण करून दयेची याचना करतो. डॉक्टरची ओळख करून देणाऱ्या कथेत लेखकाने त्याच्या हातून एक जीव घ्यायला लावला आणि तोही प्रिय चेहऱ्याचा. हा माणूस पुढे प्रत्येक मरणापाशी का चिडतो, हे आपल्याला पहिल्या दिवशीच कळून चुकते.

मार्च १९६७ मधल्या एका भागात उलटा प्रसंग आहे. एका ग्रहावरच्या खाणीत कुणीतरी कामगारांना जाळून मारीत आहे. शोध लागतो तेव्हा कळते, की तो दगडासारख्या पदार्थाचा एक जीव आहे, मादी आहे, आणि कामगारांनी जे गुळगुळीत गोळे फोडून टाकले ती तिची अंडी होती. आई पिलांसाठी लढत होती. ती जखमी होऊन पडते आणि मॅकॉयला बोलावणे येते. आपण डॉक्टर आहोत, गवंडी नव्हे, असे तो तिथेच बजावतो, आणि मग बांधकामाचा गिलावा मागवून तिची जखम लिंपून टाकतो. हात माखलेले आणि चेहऱ्यावर आनंद. त्याला कोणत्याही ग्रंथात हा रोगी सापडला नसता. दुखते आहे एवढे कळले आणि हात पुढे झाला. हातगुणाची व्याख्या कुणी मागितली, तर मी हा प्रसंग दाखवीन.

पण चांगल्या लेखकाने पात्राच्या गुणाचीच परीक्षा घ्यावी लागते. ती एप्रिल १९६७ मध्ये घेतली गेली, ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरेव्हर’ ह्या भागात. ह्याचे लेखक म्हणून हार्लन एलिसन यांचे नाव आहे. चुकून स्वतःलाच औषध टोचले गेल्याने भ्रमिष्ट झालेला मॅकॉय काळाच्या दारातून १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये जाऊन पडतो. मंदीचे दिवस आहेत. ईडिथ कीलर नावाची बाई बेकारांना अन्न देते. ती ह्या परक्या माणसाची शुश्रूषा करते. त्याला परत आणायला आलेला कर्क तिच्या प्रेमात पडतो. पण स्पॉकला हिशेब लागला आहे. ही बाई जगली, तर तिच्या शांततेच्या चळवळीमुळे अमेरिका युद्धात उशिरा उतरेल आणि जर्मनी जिंकेल. तिने रस्त्यावरच्या अपघातात मरायलाच हवे. तो क्षण येतो, मॅकॉय तिला वाचवायला झेप घेतो आणि कर्क त्याला मिठीत जखडून ठेवतो.

आपण काय केले हे तुला कळते का, असे मॅकॉय त्याला विचारतो. उत्तर स्पॉक देतो: त्याला कळते.

ह्या दृश्यात डॉक्टरचे काय चुकले? काहीही नाही. मोटारीखाली जाणाऱ्या बाईला ओढून घेणे हेच त्याचे काम. हिशेबही चुकलेला नाही. दोघे बरोबर असताना जो सल उरतो, तो ह्या भागाने पुसून टाकला नाही, म्हणून तो थोर आहे. लाखांच्या भल्यासाठी एकाने मरावे असे म्हणणारे शहाणे प्रत्येक काळात असतात, आणि कधी कधी ते खरेही असतात. पण हिशेब खरा असला, तरी तो ऐकून ज्याचा हात आपसूक पुढे जातो असा एक माणूस यानावर हवाच. तो नसेल, तर उद्या खोटा हिशेबही कुणी अडवणार नाही.

डिसेंबर १९६८ मधल्या ‘द एम्पाथ’ ह्या भागात तो हात स्वतःकडे वळतो. मॅकॉय आणि स्पॉक यांपैकी एकाने परग्रहवासीयांच्या छळाला सामोरे जायचे आहे. मॅकॉय कर्कला आणि मग स्पॉकला गुंगीचे औषध टोचून स्वतः जातो. छळाने तो मरणाच्या दारी पोचतो. एका मुक्या स्त्रीला दुसऱ्याची दुखणी आपल्या अंगावर घेऊन ती बरी करण्याची शक्ती आहे. ती पुढे येते, त्याच्या जखमा घेऊ लागते, आणि हा तिला दूर लोटतो. आपल्या जिवासाठी दुसऱ्याचा जीव जाऊ द्यायला तो तयार नाही. आयुष्यभर हात देणारा माणूस दुसऱ्याचा हात नाकारतो. त्यात थोडा हट्टही आहे, आणि तो हट्ट डॉक्टर लोकांच्या घरच्या माणसांना चांगला ओळखीचा असेल.

ह्या मालिकेत सारेच सोने आहे असे मात्र कोणी समजू नये. मॅकॉय स्पॉकच्या हिरव्या रक्तावरून आणि टोकदार कानांवरून जे टोमणे मारतो, ते मैत्रीतले म्हणून लेखक सोडून देतात. पण कोणाच्या जन्मावरून विनोद करण्याची सवय आज वाचकाला खटकेल आणि खटकावी. त्याच्या हाताखालची परिचारिका चॅपल हिला स्वतंत्र आयुष्य जवळजवळ नाहीच. आणि १९६८ च्या एका भागात स्पॉकचा मेंदूच चोरीला जातो व डॉक्टर तो पुन्हा बसवून देतो, तिथे वैद्यक संपून जादूगारी सुरू होते. जो डॉक्टर काहीही करू शकतो, त्याच्याविषयी आपल्याला काळजी वाटत नाही, आणि काळजी संपली की कथा संपते.

ही चूक पुढे एका चित्रपटाने भरून काढली. १९८९ साली आलेला मालिकेतला पाचवा चित्रपट एकंदरीत फसलेला आहे, पण त्यात काही मिनिटांचे एक दृश्य आहे. मॅकॉयचे वडील असाध्य रोगाने अंथरुणाला खिळले आहेत. यंत्रे त्यांना जगवीत आहेत. वेदना असह्य होऊन ते मुलाला सुटका मागतात. मुलगा डॉक्टर आहे. तो यंत्र बंद करतो. आणि थोड्याच काळाने त्या रोगावर उपाय सापडतो.

चित्रपट ह्या प्रश्नापाशी थांबत नाही. मनातले दुःख काढून घेणारा एक भोंदू साधू त्यात आहे. त्याच्या एका स्पर्शाने हे ओझे हलके झालेले दाखवतात. मला ते पटले नाही. असे ओझे कुणाच्या स्पर्शाने उतरत नसते. ज्या घरात कुणी म्हातारे माणूस नळ्या लावून पडले होते आणि मुलांना डॉक्टरसमोर उभे राहून हो किंवा नाही म्हणावे लागले, त्या घराला हे सांगायला नको. वाट पाहिली असती तर? असे कोणी उघड विचारीत नाही, पण सणासुदीला पानावर एक पाट रिकामा दिसला की तो प्रश्न मनात येऊन जातो. तेविसाव्या शतकातल्या डॉक्टरलाही त्यातून सुटका नाही, हे दाखवून ह्या दृश्याने त्याला आपल्यात आणून बसवले. अशा माणसाचा हात पुढे आखडला असता, तरी आपण त्याला दोष दिला नसता.

तो आखडला नाही. १९९१ च्या सहाव्या चित्रपटात क्लिंगन ह्या शत्रुराष्ट्राच्या प्रमुखावर प्राणघातक हल्ला होतो. मॅकॉय धावतो. त्या लोकांच्या शरीराची रचना त्याला नीट माहीत नाही. हृदय कुठे, काय कुठे, सारा अंदाज. यंत्र सांगते त्यावर विसंबता येत नाही. तरी तो त्या परक्या छातीवर गुडघे टेकून दाब देत राहतो. रोगी दगावतो आणि शत्रूच्या न्यायालयात डॉक्टरवरच खुनाचा आरोप येतो. तुमचे ज्ञान अपुरे होते, हे त्याला तिथे कबूल करावे लागते. शिक्षा होते, बर्फाने झाकलेल्या एका लघुग्रहावरच्या तुरुंगात त्याची रवानगी होते.

विद्येच्या दृष्टीने पाहिले, तर हा मॅकॉयचा पराभव आहे. पण उद्या आपल्या घरात कुणी मध्यरात्री आजारी पडले, आणि दार ठोठावायला सारी यंत्रे असलेला एक डॉक्टर आणि हा एक असे दोघेच असले, तर आपली पावले कोणाच्या दाराकडे वळतील, ते ज्याचे त्याने ठरवावे. माझे ठरलेले आहे.